कूलरसमोरचं मशीन

आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूरपासून खाली अहेरीपर्यंत, उन्हाळ्यात पाहुणा आला की पाण्याचा पेला नंतर येतो, आधी कूलर त्याच्याकडे वळवतात. घरातली माणसं कोपऱ्यात घाम पुसत बसली तरी चालतील, पण पाहुण्याच्या अंगावर वारा गेला पाहिजे. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाणी. एक लहानसा पंप ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडतो आणि आतला पंखा त्या ओल्या गवतातून वारा ओढून खोलीत टाकतो. एप्रिल ते जून आमचं घर त्या डब्याभोवती फिरतं.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल लिहितो आहे, त्या उन्हाळ्यात हा मान मी एका कॉम्प्युटरला दिला.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा होता. आम्ही दोघंही अहेरीत एकाच शाळेत शिकवत होतो, मी मराठी आणि ती विज्ञान. ती सगळ्यात घाईची. चालणं घाईचं, जेवण घाईचं, फळ्यावरची अक्षरंसुद्धा एकमेकांच्या अंगावर पडलेली. मी उलट. एक अर्ज लिहायचा तरी मला कच्चा खर्डा लागतो. ती म्हणायची, "तुमचा खर्डा होईपर्यंत साहेब रिटायर होतात."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पलीकडच्या गावांमधून पहिलीत येणारी मुलं घरी माडिया गोंडी बोलायची आणि वर्गात त्यांच्यासमोर नागपूर-वर्ध्याकडून नेमणूक होऊन आलेले गुरुजी उभे असायचे. मूल पाणी मागायचं आणि गुरुजींना वाटायचं, हे उलट उत्तर देतंय. हे एकदा माझ्या बायकोनं डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच आठवड्यात कामाला लागली. शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक बाई होत्या, भामरागडच्या वाटेवरच्या एका गावच्या. त्या रविवारी दुपारी आमच्याकडे यायच्या. बायको माईकसमोर मराठी शब्द म्हणायची आणि त्या गोंडी शब्द म्हणायच्या. पाणी, एर. गाव, नार. असे शेकडो शब्द, मग लहान लहान वाक्यं. नव्या गुरुजींनी नुसतं वाचू नये, कानानं शिकावं, हा तिचा हट्ट. तिचा उतावळेपणा तिथंही होताच. स्वयंपाकीण बाईंचा शब्द पुरा व्हायच्या आत ही पुढचा शब्द म्हणायची आणि मग रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं बोलणं ऐकू यायचं, "थांब ना बाई, घाई काऊन करते?"

पहिल्या वर्षाचं सगळं काम व्हायरसनं खाल्लं. तेव्हापासून तिनं विंडोज सोडून लिनक्स धरलं. एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी होती. मी खुर्चीत बसून सूचना मोठ्यानं वाचायचो आणि ती टाईप करायची. माझं एक वाक्य वाचून व्हायच्या आत तिचं बोट पुढच्या कळीवर असायचं, त्यामुळे ते दोनदा बिघडलं आणि तिसऱ्यांदा बसलं. लिनक्स मी असं कानानं शिकलो. शब्द सगळे माहीत, हात मात्र तिचे.

दिवाळीच्या आधी मलेरिया तिच्या डोक्यात चढला आणि ती गेली. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि इथं लिहायचंही नाही.

त्या हिवाळ्यात मी अधूनमधून कॉम्प्युटर लावून तिचे शब्द ऐकायचो. रडत वगैरे नव्हतो. वह्या तपासायचो आणि मागे ते चालू ठेवायचो. घरात कोणीतरी काम करत आहे असं वाटायचं, एवढंच.

मार्च महिन्यात शिक्षकांच्या एका बैठकीत विषय निघाला. जूनमध्ये बरेच नवे गुरुजी रुजू होणार होते. माझ्या बायकोनं रेकॉर्ड केलेल्या त्या शब्दांच्या सीडी शाळा उघडायच्या आत देता येतील का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो. माझ्या आयुष्यात मी इतक्या पटकन कशाला हो म्हटलेलं नाही.

सीडी काढायची तर सीडी रायटर हवा. तो मी आणला. पण जुनं लिनक्स त्याला ओळखेना. चंद्रपूरला माझे एक मित्र आहेत, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. त्यांचं कॅसेटचं दुकान होतं, वर माळ्यावर रेडिओ आणि कॉम्प्युटर दुरुस्ती. ते स्वतः लिनक्स वापरायचे आणि गिऱ्हाइकांना बळेच वापरायला लावायचे. मासिकातली ती पहिली सीडी बायकोला त्यांनीच दिली होती. त्यांना फोन केला तर म्हणाले, "सर, तुमचं लिनक्स म्हातारं झालं. अपग्रेड करून टाका. सीडी पाठवतो, उद्याच्या गाडीनं." आणि दुसऱ्या दिवशी अहेरीच्या स्टँडवर कंडक्टरनं माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सीडी ठेवल्या.

एका रविवारी मी अपग्रेड केलं. या वेळी वाचणाराही मीच आणि टाईप करणाराही मीच, म्हणून सकाळपासून संध्याकाळ झाली. शेवटी पडद्यावर नव्या लिनक्सची पाटी आली, सीडी रायटर ओळखला गेला आणि तिचा आवाजही आला. मी भाईंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता ऊन वाढून राह्यलं सर. मशीन थंड ठेवा. तापली तर बसून जाईल."

त्याच आठवड्यात मी माळ्यावरून कूलर काढला, ताट्या बदलल्या, बोअरचं पाणी भरलं आणि तो खिडकीत मांडला. कॉम्प्युटरचं टेबल बरोब्बर त्याच्या समोर होतं. बायको होती तेव्हाही ते तिथंच होतं. तिनं ठेवलेली एकही वस्तू मी हलवली नव्हती. तिच्या खुर्चीवरची उशीसुद्धा.

सीडी मी लगेच काढल्या असत्या तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मला खर्डा लागतो. सगळं एकदा ऐकावं, मध्ये कोंबडा आरवला असेल, दारावर कोणी आलं असेल, तेवढं कापावं, मग काढावं, असं मी ठरवलं. रोज शाळेतून आल्यावर थोडं थोडं ऐकत होतो. मशीन तापू नये म्हणून कूलर पूर्ण जोरात, पंपासकट. ती कामाला बसायची तेव्हा कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा लावायची. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली होती, "ती टपटप कानात येते." मला काही टपटप त्रास देत नव्हती.

आठवडाभरानं आवाज गेला. चित्र नीट, माऊस नीट, फाइली जागच्या जागी दिसत होत्या, पण स्पीकरमधून काही येईना. मग मशीन मध्येच गोठायला लागलं. सीडी काढायला घ्यावी, तर निम्म्यात थांबायचं आणि सीडी वाया जायची. मला वाटलं, मी अपग्रेड केलं आणि तिचा आवाज घालवला.

बायको लिनक्सवाल्यांच्या एका मेलिंग लिस्टवर होती. म्हणजे एकानं प्रश्न पाठवायचा, तो सगळ्यांच्या टपालात जायचा आणि ज्याला सुचेल त्यानं उत्तर द्यायचं. तिथली मराठी माणसं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. घरी इंटरनेट नव्हतं. चौकातल्या एसटीडी बूथवर एक कॉम्प्युटर होता, तिथं बसून मी लिहिलं. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष, इथपासून सुरुवात करून कॉम्प्युटर कोणाचा, काम काय, जून किती जवळ आला आहे, इथपर्यंत सगळं.

दुसऱ्या दिवशी उत्तरं होती. पहिलं भद्रावतीच्या एका बाईंचं. त्या तिथल्या कारखान्याच्या कॉलनीत राहायच्या. नाव मला आधीपासून ठाऊक होतं, कारण बायको त्यांच्याशी लिस्टवर भांडायची. त्यांनी लिहिलं होतं:

"सर, पत्र फार छान आहे. पण एरर कुठे आहे? पडद्यावर काय येतं ते जसंच्या तसं लिहा. आणि सगळ्यात आधी सांगा, होम वेगळं आहे का?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. हार्ड डिस्कचे भाग करता येतात. एका भागात लिनक्स आणि दुसऱ्या भागात, म्हणजे होममध्ये, आपल्या फाइली असल्या, तर लिनक्स शंभरदा पुसून बसवलं तरी फाइलींना धक्का लागत नाही. त्यांनी दिलेली आज्ञा मी घरी येऊन टाईप केली. भाग वेगळे होते. तिनं करून ठेवले होते. व्हायरसनं एकदा पोळल्यावर तिनं त्या तिसऱ्या वेळी मला न सांगताच ते केलं असणार. मी वाचत असताना पुढे पळणारी तिची बोटं मला आठवली.

हे लिस्टवर कळवलं तर भद्रावतीच्या बाईंनी उत्तर दिलं, "बाई शहाण्या होत्या. आम्हाला वाटलं होतंच. आता घाबरू नका."

पण मी घाबरलेलो होतोच. लिनक्स पुसलं तरी फाइली राहतील हे खरं, पण ज्या डिस्कवर त्या होत्या ती एकच होती आणि मशीन रोज मध्येच थांबत होतं. एखाद्या दिवशी ते सुरूच झालं नाही तर? दुसरीकडे कुठेही ते शब्द नव्हते. जून उजाडेल आणि माझ्याकडे द्यायला काही नसेल, ही एक भीती. दुसरी मी लिस्टवर लिहिली नाही, पण वाचणाऱ्यांना ती कळली असावी.

पुढचे काही आठवडे माझा दिनक्रम ठरून गेला. पडद्यावरचं कागदावर उतरवायचं, बूथवर जाऊन टाईप करायचं, उत्तरं पुन्हा कागदावर उतरवून आणायची आणि घरी करून पाहायची. कोणी म्हणालं ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्रॅम, जुना आहे. कोणी म्हणालं ड्रायव्हर फार नवा आहे. पुण्याच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं, पूर्ण पुसून दुसऱ्या जातीचं लिनक्स बसवा. त्यावर लिस्टवर दोन दिवस जातींचीच भांडणं चालली आणि माझा प्रश्न बाजूला राहिला. भद्रावतीच्या बाईंनी शेवटी सगळ्यांना दटावलं, "सरांच्या घरात लग्न लावून राह्यले का तुम्ही? मशीन आजारी आहे तिकडे."

मला हे सगळं आवडायला लागलं होतं, हे सांगितलं पाहिजे. शाळेतली माणसं माझ्याशी जपून, हळू आवाजात बोलायची. लिस्टवरची माणसं तसं करत नव्हती. एकानं तर लिहिलं, "सर, तुम्ही हळूहळू एरर द्यायला शिकलात, अभिनंदन. आता फक्त सप्रेम नमस्कार काढा." मी काढला नाही.

त्यांनी सांगितलेली एक आज्ञा मशीनला कोणकोणती कार्डं जोडलेली आहेत ते दाखवायची. आवाजाचं कार्ड त्या यादीत कधी दिसायचं, कधी नाही. भाई फोनवर म्हणाले, "मग कार्डच गेलं असंल. काढा आणि गाडीनं पाठवा, पाहतो." कार्ड कंडक्टरबरोबर चंद्रपूरला गेलं. भाईंनी आपल्या मशीनला लावून फोन केला. मागे मोठ्यानं कव्वाली चालू होती.

"ऐका सर! तुमचंच कार्ड वाजून राह्यलं. एकदम फस्क्लास."

कार्ड परत आलं, मी लावलं, आणि दोन-तीन दिवस तिचा आवाज आला, सीडी मात्र तेव्हाही निम्म्यातच थांबायची. मग पुन्हा गेला. पुन्हा पाठवलं. पुन्हा तिकडे वाजलं.

"याले सासर मानवत नाई सर," भाई म्हणाले. "माहेरी आलं का खाते-पिते, हसते-खेळते. तिकडं गेलं का धरलं अंथरुण. सासू कोण हाय तुमच्याकडं?"

मग ते गंभीर झाले. "एक काम करा. डिस्क काढा आणि घेऊन या. इथी माझ्या मशीनवर लावू, तासाभरात सीडी काढून देतो. झगडाच संपला."

हे सगळ्यात सोपं होतं. लिस्टवरही सगळे तेच म्हणत होते. पण मी अहेरीहून आलापल्लीचा रस्ता डोळ्यांसमोर आणला, गाडीचे दचके, खिडकीतून येणारी धूळ, मांडीवर ती डिस्क. मी म्हणालो, "भाई, ती मी घराबाहेर नाही काढणार. वाटेत काही झालं तर."

 मग ते म्हणाले, "बरं. मग मीच येतो."

आणि खरंच आले, मे महिन्यातल्या भर उन्हात, दुकान भावावर सोडून. हातात पेचकसांची पिशवी आणि एका डब्यात त्यांच्या घरून दिलेली बिर्याणी. मी त्यांना टेबलापाशी तिच्या खुर्चीवर बसवलं. उशी काढली नाही, ते तिच्यावरच बसले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. कूलर मी सरळ त्यांच्या पाठीवर वळवला. म्हणजे तसा तो त्या दिशेनंच होता, फक्त जरा पुढे ओढला.

"वा," ते म्हणाले, "यासाठीच आलो समजा."

त्यांनी मशीनची पेटी उघडली, कार्ड उपसलं आणि खिडकीकडे धरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही लपून खर्रा खाता का?"

खर्रा म्हणजे आमच्याकडचा तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला बकाणा. मी आयुष्यात खाल्लेला नाही.

"नाई, मग हा चुना कुठून आला?"

कार्डाच्या ज्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, जी मशीनमध्ये खोचली जाते, तिच्यावर पांढरी बारीक पूड धरली होती. मेमरीच्या पट्टीवरही तशीच. आम्ही वर भिंतीकडे पाहिलं. पण भिंतीला रंग होता, चुना नव्हता. भाईंनी पूड फुंकली, ती उडेना. नखानं थोडी निघाली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिलं.

"माझ्याकडून पाठवलं तवा साफ होतं," ते म्हणाले. "आईची कसम."

संध्याकाळी आम्ही बूथवर गेलो आणि जे पाहिलं ते लिस्टवर लिहिलं. या वेळी पत्र भाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं, त्यामुळे ते चार ओळींचं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं होतं. रत्नागिरीकडच्या एका माणसाचं, जो लिस्टवर क्वचितच बोलायचा:

"आमच्याकडे हे नेहमी होतं. खारी हवा. पांढरं मीठ धरतं आणि कार्डाचा संपर्क सुटतो. तुमचं घर समुद्रापासून किती लांब आहे?"

भाई बूथमध्ये इतक्या मोठ्यानं हसले की फोनवर बोलणाऱ्या माणसानं काचेवर थाप मारली. "समुद्र! सांगा त्याले सर, सांगा. उठल्याबरोबर खिडकीतून लाटा दिसतात मनावं अहेरीत." मलाही हसू आलं. किती महिन्यांनी आलं ते मोजलं नाही. आम्ही दोघंही हसत हसत उन्हातून घरी आलो, मी कूलर लावला, भाई पुन्हा त्या खुर्चीवर बसले आणि मी चहा टाकायला आत गेलो.

आतून मला त्यांचा आवाज आला. "सर, तुमच्या घरात माझा चष्मा काऊन खराब होते? कालपासून पुसून राह्यलो."

मी बाहेर आलो. त्यांनी चष्मा हातात धरला होता. काचेवर बारीक पांढरे ठिपके होते, वाळलेल्या थेंबांचे. आम्ही दोघांनी एकाच वेळी वळून कूलरकडे पाहिलं. महिनाभरापूर्वी घातलेल्या नव्या ताट्या बोअरच्या पाण्यानं पांढऱ्या, कडक झाल्या होत्या. पत्र्याच्या कडांवर तोच थर होता, जो आमच्या प्रत्येक घरातल्या पातेल्याच्या बुडाशी धरतो आणि म्हणून आम्हाला दिसतच नाही. तो डबा रात्रंदिवस ते पाणी बारीक करून वाऱ्याबरोबर फेकत होता, आणि महिनाभर मी त्याचं तोंड पाहुण्यासारखं त्या मशीनकडे करून ठेवलं होतं.

"अरे बाप्पा," भाई म्हणाले. "सासू सापडली."

 मला ती पंप बंद करायची ते आठवत होतं. नुसता कोरडा पंखा. मशीनसाठी करत होती की खरंच टपटपीसाठी? विज्ञानाची शिक्षिका, तिला कळलं असेल. पण तसं असतं तर मला सांगितलं असतं. की सांगायला सवड नव्हती, नेहमीसारखी?

"टेबल हलवावं लागंल," भाई म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता, "तुमाले चालत असंल तर."

मी म्हणालो, "धरा तिकडून."

आम्ही ते टेबल उचलून आतल्या खोलीत नेलं. फरशीवर त्याच्या पायांच्या जागी चार स्वच्छ चौकोन उरले. मला वाटलं होतं, ते पाहवणार नाही. पण ते फक्त चौकोन होते. मी फडक्यानं भोवतालचं पुसून घेतलं.

कार्डं कशानं साफ करायची हे लिस्टनं सांगितलं, आणि शिक्षकाच्या घरात ती वस्तू भरपूर होती. खोडरबर. भाईंनी एक घेतला, मी एक घेतला, आणि आतल्या खोलीत जमिनीवर बसून आम्ही सोनेरी पट्ट्या घासल्या, शुद्धलेखनाच्या चुका खोडाव्यात तशा, हळू, कागद फाटू नये अशा बेतानं. हे काम मला जमत होतं. भाई म्हणालेही, "सर, हात चांगला हाय तुमचा. दुकानात येऊन बसत जा." मग त्यांनी सगळं पुन्हा खोचलं, पेटी बंद केली आणि बटण दाबलं.

यादीत कार्ड दिसलं. मी फाइल उघडली.

"पाणी," ती म्हणाली. आणि लगेच, श्वासही न घेता, "गाव."

मधला शब्द पुरता ऐकू आला नाही. भाईंनी मान खाली घातली. मी ती फाइल बंद केली आणि म्हणालो, "भाई, आधी सीडी काढू." या वेळी खर्डा नाही, काही कापणं नाही, जसं होतं तसं. एक निघाली, दुसरी निघाली. मशीन थांबलं नाही. भाईंनी एक सीडी चंद्रपूरला न्यायला आपल्या पिशवीत ठेवली. घराबाहेर एक असलेली बरी, असं ते म्हणाले आणि या वेळी मी नाही म्हणालो नाही. फ्रिजमध्ये ठेवलेली बिर्याणी आम्ही तेव्हा खाल्ली, आतल्या खोलीत, उकाड्यात, कूलरपासून लांब.

लिस्टवर मी कळवलं. सप्रेम नमस्कार घालून. रत्नागिरीच्या माणसाला लिहिलं की समुद्र आमच्या खिडकीतच होता, आपण म्हणालात ते बरोबर. भद्रावतीच्या बाईंनी उत्तर दिलं, "आमच्या घरातलं मशीनही कूलरसमोरच आहे. आत्ताच हलवते." मग चंद्रपूरचा एक, गडचिरोलीचा एक, नागपूरचे दोघे. सगळ्यांची मशीनं पाहुण्यांच्या जागी बसलेली होती आणि इतके दिवस सगळे मला ड्रायव्हर सांगत होते.

शाळा उघडायच्या आठवड्यात, सीडी वाटायला निघायच्या आधी, स्वयंपाकीण बाई आल्या. त्या सुट्टीत गावी गेलेल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "सर, वाजते मनते ना आता? मले आईकव ना गा, माझा आवाज."

पाऊस अजून आला नव्हता, उकाडा तसाच. आतल्या खोलीत त्यांना बसवणं बरं दिसेना, म्हणून स्पीकर लांब वायरीनं बाहेर आणून ठेवले, त्यांना खुर्ची दिली आणि कूलर त्यांच्याकडे वळवला. आत जाऊन फाइल सुरू केली.

"काई आईकू नाई येत," त्या बाहेरून म्हणाल्या. "ते टपटप टपटप काय हाय? ते बंद कर आधी."

मी बाहेर येऊन उभा राहिलो. खरंच होतं. पंपाचं पाणी ताट्यांवरून खाली टाकीत पडत होतं आणि तिचा आवाज त्या थेंबांच्या मध्ये मध्ये तुटत होता. इतके दिवस मला ते कसं ऐकू आलं नाही? मी पंप बंद केला. पंखा नुसता फिरत राहिला. थेंब कमी होत होत थांबले.

"पाणी," ती म्हणाली.

"एर," स्पीकरमधल्या बाई म्हणाल्या, आणि तो शब्द संपायच्या आत, "गाव."

खुर्चीतल्या बाईंनी पदर तोंडावर धरला. हसत होत्या, डोळे पुसत होत्या, दोन्ही.

"पाय ना सर," त्या म्हणाल्या, "अजूनबी घाईच करून राह्यल्या बाई."